गप्प राहायचं तर तसं बोलावं लागतं

माझी नात अमेरिकेत कायदा शिकते. रविवारी तिचा फोन येतो. आधी ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग मी तिच्या जेवणाखाण्याची, आणि दोघींनी एकमेकींना खोटी उत्तरं देऊन झाली की खरं बोलणं सुरू होतं. खरं बोलणं म्हणजे तिचं कॉलेज. तिथे म्हणे मुलांच्या दोन बाजू करतात आणि त्यांना भांडायला लावतात. आम्ही लॉ कॉलेजात गाईडं पाठ करून पास व्हायचो. भांडायची सोय घरी होती.

परवा तिने दोन प्रश्न आणले होते.

"आजी, पोलिसांनी पकडलं तर गप्प राहण्याचा हक्क असतो, हे तर तुला माहितीच आहे."

"माहिती? अगं, तो हक्क मी जेद्दात फुकट वाटत होते, तुझी आई शाळेत होती तेव्हा."

"ऐक तर. आता इथल्या मोठ्या कोर्टाने असं धरलंय की नुसतं गप्प बसून भागत नाही. 'मी गप्प राहण्याचा हक्क वापरतोय' असं स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर तुम्ही तो वापरलाच नाही असं समजतात."

"म्हणजे गप्प राहायचं तर बोलावं लागतं?"

"एक्झॅक्टली! आमचे एक प्रोफेसर म्हणतात, घाबरलेला माणूस असं वकिली वाक्य कुठून आणणार? दुसरे म्हणतात, त्याने सांगितल्याशिवाय पोलिसांना कळणार कसं?"

दुसरा प्रश्न धमकीचा. कोणी काही बोललं आणि ऐकणारा घाबरला. आता गुन्हा ठरवताना डोकं कोणाचं उघडून बघायचं, बोलणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं? मोठं कोर्ट म्हणतं, आपल्या बोलण्याने माणूस घाबरेल याची बोलणाऱ्याला थोडी तरी कल्पना असायला हवी. थोडी म्हणजे किती, यावर वर्गात अजून जुंपलेली आहे.

"तू कोणाच्या बाजूने बोलशील?" तिने विचारलं.

"मी दोन्ही केसेस लढलेय. एकाच दुपारी. एक जिंकले, आणि दुसरीत माझी अशी फजिती झाली की अजून आठवलं की पदरात तोंड लपवते."

"आजी, तू एक दिवस तरी प्रॅक्टिस केलीयेस का?"

"नाही. म्हणून तर अशील सुटला."

तिला फोनवर अर्धीमुर्धी सांगितली ती गोष्ट इथे नीट लिहिते.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. ती बाई आज समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. रत्नागिरीची, कायद्याची पदवी घेतलेली, सनदेचा अर्ज भरलेली, आणि अर्ज पोस्टात पडायच्या आत लग्न होऊन जेद्दाला गेलेली. नवरा तिथल्या एका खाजगी हॉस्पिटलात डॉक्टर. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, मी त्याची बायको होते आणि खाली शिक्का होता की हिला काम करायची परवानगी नाही. तो शिक्का मी आल्यागेल्याला दाखवायचे, जणू सौदी सरकारने माझ्या हुशारीचा धसका घेऊन तो मारला होता.

अझीझियात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. त्या भागात वाणसामान, शिंपी, दवाखाने, भारतीय शाळेच्या बस, सगळं हाताशी. गच्चीवर टीव्हीच्या डिशच्या तबकड्या होत्या, आणि त्यातून संध्याकाळी अमेरिकन कोर्टांच्या मालिका यायच्या. मी त्या वही घेऊन बघायचे. अमेरिकेची घटना मला आपल्या घटनेपेक्षा जास्त पाठ होती, कारण तिच्यात जाहिराती होत्या. मुलीने डबा खाल्ला नाही तर मी तिची उलटतपासणी घ्यायचे. "ममी, प्लीज!" एवढं म्हणून ती खोलीचं दार लावायची, तर मी दाराबाहेरून ओरडायचे, "साक्षीदाराने पळ काढल्याची नोंद घ्या!" नवरा पेपर वाचत म्हणायचा, "घेतली."

आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर राजापूरकडचं एक मुसलमान कुटुंब होतं. तिला मी भाभी म्हणायचे, त्यांना भाईजान. ती दोघं मला वहिनी म्हणायची, आणि काही कागद आला की 'वकील वहिनी'. माझ्यावर तेवढा विश्वास ठेवणारं जेद्दात दुसरं कोणी नव्हतं. घरात तर नव्हतंच.

भाईजान एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात स्टोअरकीपर होते. जेद्दात एसीचे सुटे भाग म्हणजे किराणा मालासारखंच. दुकानाचा मालक तोच त्यांचा कफील, म्हणजे त्यांचा इकामा ज्याच्या भरवशावर तो माणूस. मालक फिरकायचा क्वचित. सगळं भाईजान बघायचे. फळीवरचा कॉम्प्रेसर नुसता टकटक करून सांगायचे की हा चालेल, हा नाही.

ती वर्षं सौदीकरणाची. रोज नवीन ऐकू यायचं की अमुक काम आता फक्त सौदींनी करायचं, तमुक दुकानात इतके सौदी हवेतच, अमक्याचा इकामा पुढे वाढला नाही. लोक एकमेकांना 'कसं काय' विचारायच्या ऐवजी 'कधीपर्यंत?' विचारायचे. भाभीने तर माळ्यावरच्या बॅगा खाली काढून पुसून ठेवल्या होत्या. आणि एक दिवस भाईजानांच्या दुकानात एक सौदी तरुण आला. टेक्निकल संस्थेतून डिप्लोमा केलेला, वडिलांनी मालकाकडे शब्द टाकून चिकटवलेला. भाईजानांनी त्याला काम शिकवायचं आणि शिकवून झालं की खुर्ची द्यायची, असं ठरलेलं.

मी म्हटलं, "भाईजान, शिकवू नका त्याला. हळूहळू शिकवा. अर्धंच शिकवा."

ते म्हणाले, "वहिनी, पोरगा चांगला आहे हो. अर्धं शिकवून कसं चालेल? अर्ध्यावर गॅस लीक होतो."

पोरगा खरंच चांगला होता. भाईजानांना तो 'अम्मी' म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. एवढ्या मिशीवाल्या माणसाला अम्मी! अरबीत 'अम्मी' म्हणजे माझे काका, हे भाभीने मला नंतर सांगितलं. तोवर मी सगळ्या इमारतीला सांगून मोकळी झाले होते.

आता शब्दाकडे येते, कारण सगळं त्या एका शब्दाने झालं. खलास. आखातात राहिलेल्या आपल्या माणसाला या शब्दावाचून श्वास घेता येत नाही. भात शिजला, खलास. परीक्षा झाली, खलास. भांडण मिटलं, खलास. टॅक्सी थांबवायची, खलास. अरबीत त्याचा अर्थ झालं, पुरे, संपलं. भाईजान तर मराठीतही तसंच बोलायचे. "वहिनी, तुमचा एसी खलास केला," असं म्हणाले की समजायचं, दुरुस्त झाला.

पण पुण्याच्या माणसाला 'एकाला खलास केला' म्हटलं की काय ऐकू येतं?

दुकानाच्या मालकाच्या कंपनीत नुकताच एक पर्सोनेल ऑफिसर आला होता. पुण्याचा, तिशीतला, टाय लावणारा, आल्यापासून पोट बिघडलेला. भाईजान मराठी बोलतात हे कळल्यावर बिचाऱ्याला भरून आलं होतं. त्याने एकदा फोन केला, "काय हो, त्या मुलाचं कुठवर आलंय? वर कळवायचंय."

भाईजान म्हणाले, "साहेब, तुमी टेन्शन घेऊ नका. उद्या दुपारपर्यंत त्याला खलास करतो. कोणाला कळणार पण नाय."

म्हणजे उद्या त्याचं शिक्षण संपतंय आणि खुर्ची बदलली तरी गिऱ्हाइकाला फरक जाणवणार नाही. पण पुण्याच्या माणसाने रिसीव्हर ठेवला आणि तो तसाच बसून राहिला. त्याने मनाची समजूत घातली असणार की चेष्टा असेल. दुसऱ्या दिवशी तो तरुण कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग त्याचे वडील दुकानात आले, मुलगा घरीही नाही म्हणून. तेव्हा मात्र त्या ऑफिसरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कंपनीच्या अरब मॅनेजरला इंग्रजीत सांगितलं, "ही सेड ही विल फिनिश हिम." मॅनेजरने ते अरबीत वडिलांना सांगितलं. शब्द अरबस्तानातून निघाला, राजापूरच्या तोंडात बसला, पुण्याच्या कानात गेला, इंग्रजी होऊन परत अरबीत उतरला, आणि उतरला तेव्हा त्याच्या हातात सुरा होता.

वडील तिथून थेट पोलीस चौकीत गेले. दुपारी भाईजानांना दुकानातून बोलावून नेलं.

भाभी अनवाणी वर आली. "वहिनी, चला, चला! ह्यांना शुर्ता घेऊन गेले. फोनवर आहेत, तुम्ही बोला, मला काही सुचत नाही." शुर्ता म्हणजे पोलीस. मी धावत खाली गेले. अधिकाऱ्याने भाईजानांना घरी एक फोन करू दिला होता. रिसीव्हर हातात घेतला आणि माझ्या अंगात गच्चीवरची तबकडी संचारली.

"भाईजान, नीट ऐका. एक शब्द बोलायचा नाही. काही विचारलं तरी नाही. तो तुमचा हक्क आहे. तुम्ही जे बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल!"

भाईजान म्हणाले, "कायच बोलायचं नाय?"

"कायच नाय."

"बरं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मला चक्क सुटका ऐकू आली. मी ती माझ्या सल्ल्याच्या खात्यात जमा केली.

जो हक्क त्या गावाच्या कायद्यात आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, तो मी दूरच्या देशाकडून उसना घेऊन फोनवरून देऊन टाकला. तेव्हाच्या मला विचारलं असतं तर म्हणाले असते, हक्क सगळीकडे सारखेच असतात. आणि त्या वाक्याला भरभरून टाळ्या मिळतील अशी जागा सोडून थांबले असते.

नवरा दुपारच्या जेवणाला घरी आला तो पायातले बूट न काढता तसाच आम्हाला घेऊन निघाला. मी काळा पायघोळ अबाया चढवला आणि आरशात बघून घेतलं. अखेर काळा गाऊन मिळाला, असंच मनात आलं, खोटं कशाला बोलू. भाभी गाडीत मागे बसून दुआ पुटपुटत होती. तिला एकच भीती होती. पोलिसांत नाव लागलं, कफीलने हात काढून घेतला, की माणसाला सरळ विमानात बसवतात. त्यांच्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं, भाईजानांची उमेदीची वर्षं त्या दुकानात गेली होती, आणि माळ्यावरून खाली आलेल्या त्या बॅगा दारामागे उभ्या होत्या.

चौकीत अधिकारी पन्नाशीचा, शांत, डोळ्यांखाली जागरणाची सूज असलेला माणूस होता. आम्हा बायकांना त्याने शेजारच्या खोलीत बसवलं आणि मधलं दार उघडं ठेवायला सांगितलं. त्याने आमच्याकडे सरळ पाहिलं नाही, पण चहा आधी आमच्याकडे पाठवला. समोर खुर्चीवर भाईजान. एका बाजूला त्या तरुणाचे वडील, डोक्याला हात लावून. दुसऱ्या बाजूला टाय सैल केलेला आमचा पुणेकर.

अधिकारी नवऱ्याला म्हणाला, आणि नवरा त्याचं अरबी दारातून आम्हाला मराठीत सांगत गेला, "डॉक्टर, हा तुमचा माणूस बोलत नाही. नाव विचारलं, बोलला नाही. मी सलाम केला, त्याचंही उत्तर दिलं नाही. मुका आहे का?"

सलामाचं उत्तर दिलं नाही! भाभीने कपाळ बडवून घेतलं. भाईजानांनी ते मनातल्या मनात दिलं होतं, हे नंतर कळलं. वकील वहिनी म्हणाली होती ना, एक शब्द नाही.

आता अडचण अशी, की त्या खोलीत भारतीय आणि अरबी दोन्ही बाजूंना समजावून सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आरोपी होता. उरला माझा नवरा. वीस वर्षं तिथे काढून त्याला ऐकलेलं कळायचं, पण बोलायचं सगळं अरबी छातीपासून पोटापर्यंत. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, श्वास घ्या, सोडा. वडिलांचा चेहरा बघून त्याने कळवळून विचारलं, "कुठे दुखतंय?"

वडिलांनी छातीवर हात ठेवला.

मग माझ्याने राहवेना. उघड्या दारातून मी त्या पुणेकराला मराठीत म्हटलं, "अहो, हे नक्की काय म्हणाले होते तुम्हाला? शब्द सांगा, अर्थ सांगू नका." हे वाक्य मात्र खरोखर चांगलं होतं. तेवढं माझं मला ठेवू द्या.

"म्हणाले, उद्या दुपारपर्यंत त्याला खलास करतो!"

"मग? खलास म्हणजे काय?"

"खलास म्हणजे काय काय? खलास म्हणजे खलास!"

"पुण्यात असेल. रत्नागिरीत कोळंबी पण खलास होते!"

"बाई, कोळंबीच्या बापाने तक्रार नाही केलेली! आणि पुढे म्हणाले, कोणाला कळणारसुद्धा नाही. ते पण कोळंबीलाच का? मी काय समजायचं? मी इथे नवीन. मी गप्प बसलो असतो आणि उद्या खरंच काही झालं असतं तर?"

त्याचा आवाज चिरकला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हा कोणाचं वाईट करायला आलेला नाही, हा नुसता घाबरलेला आहे. तरी मी थांबले नाही, कारण मालिकेत वकील थांबत नाही. "बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं!" "ऐकणाऱ्याच्या जिवाला काय झालं ते नाही महत्त्वाचं?" खलास, खलास, खलास. दोघांनी मिळून तो शब्द किती वेळा आपटला कोण जाणे. परवा नातीने तिच्या वर्गातलं भांडण सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हुबेहूब हेच, फक्त तुमच्याकडे कोळंबी नाही.

अधिकाऱ्याने टेबलावर बोटं वाजवली. "खलास!" तो म्हणाला, म्हणजे पुरे करा. आम्ही दोघंही चपापून गप्प झालो. मग तोच थबकला. "तुम्ही कधीपासून खलास खलास करताय. काय संपलंय?"

नवऱ्याने छातीपोटाच्या बाहेरचं होतं नव्हतं ते अरबी गोळा केलं. हा म्हणाला, मुलगा खलास. हिंदुस्थानात खलास म्हणजे... आणि त्याने गळ्यावरून बोट फिरवलं.

अधिकारी त्या बोटाकडे बघत राहिला. समोरच्या कागदावर मॅनेजरच्या तोंडून आलेला अरबी शब्द होता, ठार मारण्याचा. खलास कुठेच नव्हता. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "म्हणजे मी सकाळपासून माझ्या सगळ्या माणसांना ठार मारतोय," तो म्हणाला. दारातला शिपाई फिसकन हसला. पुणेकराला नवऱ्याने ते मराठीत सांगितलं, तशी त्याने टाय पूर्णच काढून खिशात घातली.

मी भाभीचा हात दाबला. जिंकलो. मनात मी उभी राहून कोर्टाला वाकून नमस्कारही केला.

पण अधिकारी हसू पुसून म्हणाला, "शब्दाचं कळलं. मुलगा कुठे आहे?" मग तो भाईजानांकडे वळला. "तुझ्यावरचा तो आळ गेला. आता तरी बोल. तुला माहिती आहे का तो कुठे आहे ते?"

भाईजान गप्प.

मी दारातून म्हटलं, "भाईजान, आता बोला! आता चालेल!"

भाईजानांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भाभी मराठीत, हिंदीत, सगळ्यात रडली. "अहो, पोरीचा विचार करा! सांगा ना, नाही माहिती तर नाही माहिती म्हणा!" तरी गप्प. आणि तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. हा माणूस माझ्या सल्ल्याने गप्प बसलेलाच नव्हता. 'नाही माहिती' म्हणायला त्याला खोटं बोलावं लागलं असतं. माझा सल्ला म्हणजे त्याला सापडलेली नुसती एक सावली होती, उन्हात उभं राहायचं तर तिच्यात राहिला. अमेरिकेची घटना, गच्चीवरची तबकडी आणि मी, तिघांचाही तिथे काही संबंध नव्हता.

अधिकाऱ्यालाही ते दिसलं. त्याने वडिलांना शिपायाबरोबर बाहेर चहाला पाठवलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू विचारलं, "तो जिवंत आहे?"

भाईजानांनी मान हलवली. हो.

"खुशाल आहे?"

हो.

"काही वाईट करतोय?"

नाही. इतक्या जोरात नाही, की टोपी सरकली.

"तू शब्द दिलायस?"

भाईजानांच्या डोळ्यांत पाणी आलं. हो.

अधिकारी मागे टेकला. "मानेचं हलणं मला कागदावर लिहिता येत नाही," तो म्हणाला. "तो डोळ्यांपुढे येईपर्यंत मी तुला सोडू शकत नाही. पण तू शब्द मोडावा असंही मी म्हणणार नाही." मग त्याने वडिलांना परत बोलावलं आणि भाईजानांना काही न विचारता त्यांनाच विचारायला लागला. जेद्दाबाहेर तुमचं कोण? ताइफला भाऊ. मदिनेला सासरवाडी. आणखी? राबिघला बहीण. राबिघ म्हटल्यावर भाईजान एकदम फरशीचं निरीक्षण करायला लागले. अधिकाऱ्याने ते पाहिलं आणि फोन पुढे सरकवला. "बहिणीला लावा."

आत्या आनंदाने बोलली. मुलगा तिच्याकडेच होता, जेवत होता. तिथल्या रिफायनरीत नोकरीसाठी दोन दिवस परीक्षा आणि मुलाखती चालू होत्या. वडिलांनी एवढा शब्द टाकून दुकानात लावलेलं, आता मालकाला काय तोंड दाखवायचं म्हणून त्याने घरी सांगितलं नव्हतं. नोकरी मिळाली तरच सांगणार होता. ठाऊक होतं ते फक्त अम्मीला.

मुलगा फोनवर आला तसे वडील इतके ओरडले की शिपाई आत आला, आणि मग तेवढ्याच मोठ्याने रडले. रडून झाल्यावर त्यांनी भाईजानांकडे पाहिलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. आणि भाईजान माझ्या फोननंतरचं पहिलं वाक्य बोलले. अरबीत बोलले, पण एवढं मलाही कळलं.

"बेटा, मी नाही सांगितलं. यांनीच शोधलं."

परवा नातीने फोनवर एवढं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, ऑफिसर दुसरा कोणी असता तर? रागीट, घाईतला? किंवा आजोबा डॉक्टर नसते तर?"

तेव्हाच्या मला लगेच उत्तर सुचलं असतं, इंग्रजीत, नाट्यमय विराम घेऊन. आताच्या मला साधं मराठीच सुचलं. मी म्हटलं, "म्हणून तर तू शिक बाई. माणूस चांगला भेटला तर सगळंच सोपं असतं. तुमची ती घटना तो भेटत नाही त्या दिवसासाठी असेल."

"मग तुझं मत कुठल्या बाजूला लिहू? गप्प राहायचं असेल तर तसं सांगायलाच हवं?"

"लिही, की आमच्या भाईजानांना ते सांगता आलं नसतं. 'मी गप्प राहतोय' म्हटलं असतं, तर 'का' म्हणून विचारलं असतं ना कोणीतरी."

सुटून बाहेर आलो तेव्हा मगरिबची, सूर्यास्ताची, बांग झाली होती. पुणेकराने भाईजानांचे दोन्ही हात धरले. भाईजानच त्याला म्हणाले, "साहेब, पोटाला दही घ्या. चेहरा बघा तुमचा." गाडीत बसताच भाभीला वाचा फुटली. मला सुद्धा सांगायचं नाही? मी काय जेद्दाच्या रेडिओवर वाचून दाखवणार होते? आणि तो पोरगा राबिघला गेला म्हणजे तुमची खुर्ची राहिली, हे दिसतं ना लोकांना? तुम्हीच पाठवलंत म्हणतील!

"पाठवलंच मी," भाईजान म्हणाले. "साहेबांशी बोललो त्याच संध्याकाळी रिफायनरीचं बोलावणं आलं त्याला. एवढा डिप्लोमा केलेला पोरगा, माझ्या कॉम्प्रेसरात कशाला सडवू? आता त्यात माझं पण थोडं भलं झालं, तर मी काय करू? नको म्हणू?"

"थोडं!" भाभी म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. मी पुढे बसून, जन्मात पहिल्यांदा, मत देत नव्हते.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा भाईजानांनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. "डॉक्टर, तुमच्या हॉस्पिटलात केरळच्या सिस्टर असतील ना?"

"अर्धं हॉस्पिटल केरळचंच आहे. का हो?"

"आत माझ्या शेजारी एक जण बसवला होता, मला बोलावायच्या आधी. त्याला अरबी येत नाय, हिंदी पण नाय. मल्याळी असावा. सकाळपासून नुसतं आपलं नाव सांगतोय, दुसरं काय बोलताच येत नाय त्याला. मी गप्प बसलेला बघून माझ्याशीच बोलत होता. कोणाच्या तरी घरवाल्याला उद्या पाठवा तिकडे."

भाभीचं बोलणं मधेच तुटलं.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "डॉक्टर, गाडी हॉस्पिटलकडे घ्या."

सिग्नल हिरवा झाला. नवऱ्याने इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.